‘मरणाच्या भीतीने तर कोणीही सोडतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली आत्ता रागात आहात, सकाळी लिहा. सकाळी परत वाचली आणि राग तेवढाच आला, त्यामुळे आता लिहूनच टाकतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्ट अटॅकनंतर माझी सिगरेट कशी सुटली त्यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं, ‘मरणाच्या भीतीने तर कोणीही सोडतं, त्यात कौतुक कसलं?’ शिवाय निकोटीनचं गम चघळणं म्हणजे सोडणं नव्हे, 46व्या वर्षी सोडून फारसं हाती काही लागत नाही, लेखात एक आकडा चुकलाय, आणि ज्याला अजून अटॅक आलेलाच नाही त्याने काय करायचं ते लेखात कुठेच नाही. यांनी स्वतः 28व्या वर्षी एका दिवसात सोडली म्हणे, कुठल्याही आधाराशिवाय. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी एक हसरा चेहरा.

आधी चुकीबद्दल बोलतो. शेवटच्या सिगरेटनंतर 20 मिनिटांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. 20 मिनिटांत नाडी आणि ब्लड प्रेशर खाली यायला लागतं, कार्बन मोनॉक्साइड पूर्ण जायला साधारण एक दिवस लागू शकतो. लेखात दुरुस्त केलंय, आभारी आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, त्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही. पण ‘डॉक्टर व्हायची घाई दिसतेय’ हे कशाला हवं होतं? नुसता आकडा चुकलाय म्हणाला असतात तरी दुरुस्त केलाच असता ना.

आता ते वाक्य. ‘कोणीही सोडतं.’

कोणीही? तुम्ही कधी हार्टच्या वॉर्डात चार रात्री काढल्यात का? माझ्या शेजारच्या बेडवर जे गृहस्थ होते त्यांना तो दुसरा स्टेंट बसला होता, पहिला दोन वर्षांपूर्वीचा, आणि मधली दोन वर्षं ते ओढत होते. लपवून नाही, घरात सगळ्यांना माहीत. मरण त्यांनी माझ्याआधी पाहिलं होतं आणि माझ्यापेक्षा जवळून. तरी आयसीयूतून बाहेर आल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयला हळूच विचारत होते, खाली जाता येईल का पाच मिनिटं. हे गृहस्थ तुमच्या ‘कोणीही’मध्ये बसतात की नाही? अटॅकनंतर पुन्हा सुरू करणारे कितीतरी असतात, कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

आणि माझं सांगतो, कारण तुम्ही माझ्याबद्दल बोललायत. मी 26 वर्षं ओढली, दिवसाला 15 ते 20. छातीला वायरी चिकटवलेल्या, मनगटाला जिथून अँजिओप्लास्टी केली तिथे घट्ट पट्टी, मॉनिटरवर हिरवी रेघ चाललेली आणि माझ्या डोक्यात काय, तर जिन्यात जाऊन एक तरी ओढता येईल का. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते, तेव्हा मी पडून होतो म्हणून वाचलो, पाय चालत असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. भीती होती ना तेव्हा! पोटभर होती. तिने तलफ एका कणानेही कमी झाली नाही.

तुम्हाला जे कळलेलं नाही (आणि ज्याने मनापासून व्यसन केलेलं नाही त्याला कळणं अवघडच आहे) ते हे की 26 वर्षं मला भीती वाटली की मी काय करायचो? सिगरेट पेटवायचो. नोकरी जाते की काय, पेटव. वडिलांचं ऑपरेशन, बाहेर उभा राहून चार ओढ. मुलगी तापाने फणफणली, गॅलरीत जा आणि ओढ. भीती आणि सिगरेट ही दोन टोकं माझ्या मेंदूत एकत्र बांधलेली होती आणि तुम्ही म्हणताय भीतीने सोडली. अहो, भीतीने तर मी परत ओढली!

हे मी लेखात लिहिलं नव्हतं, आता लिहितो. चौथ्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट होती. ट्रेडमिलवर चालताना छातीत काहीतरी टोचल्यासारखं झालं, टेक्निशियन काही बोलला नाही, नुसतं बटण दाबून कागद फाडून घेतला आणि म्हणाला बाहेर बसा, डॉक्टर बघतील. पाऊण तास बसलो. मग बायकोला म्हटलं पाणी आणतो आणि खाली गेलो. गेटबाहेर एक अनोळखी माणूस ओढत उभा होता, त्याच्याकडून एक मागून घेतली. छातीवर त्या इलेक्ट्रोडची जेल अजून ओली होती, शर्ट आतून चिकटत होता, आणि मी उभा राहून दोन झुरके घेतले. पहिल्याने चक्कर आली. दुसऱ्याने बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याने मी जेवढा हादरलो तेवढा अटॅकच्या रात्री हादरलो नव्हतो. फेकली. वर गेलो, बायकोला वास आलाच, ती काही बोलली नाही, फाईल छातीशी धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

रिपोर्ट चांगला होता.

डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं दिवसात सगळ्यात कठीण वेळ कुठली जाते, आणि गम लिहून दिलं, कसं वापरायचं तेही समजावलं, की सतत चावत बसायचं नाही, दोन-चार वेळा चावून जिभेला झणझण आली की गालात दाबून ठेवायचं. सिगरेटमधलं निकोटीन 10-20 सेकंदांत मेंदूत पोचतं, गममधलं तोंडातून सावकाश रक्तात येतं, तो झटका नसतो. आणि त्यात धूर नसतो. माझ्या हृदयाची वाट लावायला धूरच सगळ्यात मोठं कारण होता, तो कार्बन मोनॉक्साइड, त्या गुठळ्या करणाऱ्या गोष्टी. त्यामुळे ‘एक व्यसन टाकून दुसरं धरलं’ हे वाक्य ऐकायला खटकेबाज आहे, पण तेवढंच आहे. यावर जास्त लिहीत नाही.

46व्या वर्षी काय मिळतं म्हणता. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा अभ्यास 1951 साली सुरू झाला, 34,000 हून जास्त पुरुष डॉक्टर, त्याचे 50 वर्षांचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. 50व्या वर्षी सोडणाऱ्यांना ओढत राहणाऱ्यांपेक्षा साधारण 6 वर्षं जास्त मिळाली, 40व्या वर्षी सोडणाऱ्यांना 9. मी मधला. माझी मुलगी नववीत आहे, मला त्या वर्षांचं काय करायचं ते पक्कं माहीत आहे.

तुम्ही 28व्या वर्षी सोडलीत, उत्तम केलंत, मनापासून म्हणतो. पण किती वर्षं ओढत होतात, दिवसाला किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. मित्रांबरोबर शनिवारी दोन ओढणारा माणूस आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी पाकीट चाचपणारा माणूस, दोघांनी ‘सोडली’ म्हटलं तरी ती एकच गोष्ट नसते. तुमची सवय असेल. माझं व्यसन होतं. तुम्हाला एका दिवसात जमलं म्हणून ज्याला चार महिन्यांनी पुन्हा घसरून परत उभं राहावं लागलं त्याला हसायचा हक्क मिळत नाही. तो हसरा चेहरा मला आकड्यापेक्षा, गमपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त लागला हे कबूल करतो.

राहिलं ते, अटॅक न आलेल्याने काय करायचं. लेख माझ्या अटॅकबद्दल होता, सगळ्यांसाठी गाइड लिहायला मी बसलो नव्हतो. गम आहे, पॅच आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या आहेत, डॉक्टरकडे जा एवढं सांगू शकतो. बाकी कधी सुचलं तर लिहीन.

आणि तुमच्या माहितीसाठी, गम बंद होऊन आता 7 महिने झालेत. शेवटची अर्धी स्ट्रिप अजून पाकिटात आहे, पैशांच्या मागच्या कप्प्यात. ती मी टाकलेली नाही. पुढच्या महिन्यात परत स्ट्रेस टेस्ट आहे, तेव्हा ती बरोबर असणार आहे, आणि पाणी आणायला बायकोच जाणार आहे, तसं आमचं ठरलंय.