लहान आकडा घ्यायचा, पण कुणी?

नमस्कार,

एसएफटीपी (दोन संगणकांत सुरक्षितपणे फाइली पाठवण्याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल) आपली आवृत्ती कशी ठरवतो, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: एसएफटीपीत आवृत्ती ठरते ती एका ओळीत. क्लायंट (जोडणी मागणारा प्रोग्राम) आपला आवृत्तीचा आकडा सांगतो, सर्व्हर (उत्तर देणारा) आपला, दोन्हींतला लहान तो घ्यायचा. एवढ्यासाठी मी चार पानं का खरडली? आरएफसीची (इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या अधिकृत दस्तऐवजाची) लिंक द्यायची, नाहीतर सरळ 'कोड वाचा' म्हणायचं.

लिंक दिली असती हो, पण कशाची? एसएफटीपी ज्याच्यावरून चालतो त्या एसएसएचचे (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीचे) आरएफसी (४२५१ ते ४२५४) जानेवारी २००६ मध्ये निघाले. एसएफटीपीचा मात्र मसुदा निघाला आणि मसुदाच राहिला. १३ क्रमांकाचा मसुदा आवृत्ती ६ सांगतो. ओपनएसएसएच (एसएसएच आणि एसएफटीपीचं मोफत सॉफ्टवेअर) अजून २००१ मधल्या ०२ क्रमांकाच्या मसुद्यावर, म्हणजे आवृत्ती ३ वर आहे.

बरं, कोड वाचू. लहान आकडा सर्व्हरने परत पाठवायचा, असं त्या मसुद्यात स्पष्ट आहे. ओपनएसएसएचचा सर्व्हर क्लायंटचा आकडा नोंदवून घेतो आणि उत्तरात दरवेळी ३ पाठवतो. समोरच्याने २ म्हटलं तरी ३. म्हणजे तुमची ती 'एक ओळ' सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरच्या कोडमध्ये नाहीच! कोड वाचून हा सर्व्हर काय करतो ते कळतं. नवा क्लायंट लिहिणाऱ्याने कशावर विसंबायचं ते कळत नाही. म्हणून मी 'लिहिलंय काय' आणि 'होतं काय' हे शेजारी शेजारी मांडलं.

आणि आकडा जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) करण्याच्या विनंतीत दोन पाथ (फाइलींचे पत्ते) जातात. ओपनएसएसएचमध्ये त्यांचा क्रम चुकून उलटा झाला, लक्षात येईपर्यंत सर्व्हर जगभर पोचला होता, मग तो तसाच ठेवला. त्यांनी हे स्वतःच्या 'प्रोटोकॉल' फाइलमध्ये प्रांजळपणे लिहून ठेवलंय. दोन्हीकडे आवृत्ती ३, तरी लिंक उलटी. आवृत्तीच्या पॅकेटात (एका वेळी पाठवलेल्या संदेशात) आकड्यामागून येणारी एक्स्टेन्शनची, म्हणजे जादा सोयींची, यादी (पॉझिक्स-रीनेम वगैरे) मी इतकी सविस्तर दिली तीही याचसाठी: खरी बोलणी तिथे होतात.

क्लायंटचं पहिलं पॅकेट बाइटनिशी दिलं यावर तुम्ही 'शाळकरी' असा शेरा मारलात. ते नऊ बाइट असे: ०० ०० ०० ०५ ०१ ०० ०० ०० ०३. चार लांबीचे, एक प्रकाराचा, चार आवृत्तीचे. मागे एका सर्व्हरवर कुणीतरी बॅशआरसीत (जोडणी होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत) हौसेने इंग्रजीत 'हॅलो' छापणारी ओळ टाकली होती. क्लायंट म्हणे, मेसेज फार लांब, १२१४६०६४४४. अर्धा दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घातल्या. तो आकडा म्हणजे 'हॅलो'च्या स्पेलिंगची पहिली चार अक्षरं, लांबी म्हणून वाचलेली. आवृत्तीच्या उत्तराआधीच स्वागत झालं होतं. शाळकरी तर शाळकरी, ते बाइट राहतील.

एक आक्षेप मात्र मान्य. आवृत्ती ६ मध्ये सर्व्हर आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची यादी देऊ शकतो आणि क्लायंट त्यातली एक निवडू शकतो. ती निवड पहिलीच विनंती असावी लागते. उशिरा आली तर सर्व्हरने चॅनेल (ती जोडणी) बंद करायचा. हे मी अर्ध्या वाक्यात उरकलं, आणि 'उशिरा' म्हणजे काय ते सांगितलंच नाही. तो परिच्छेद रविवारपर्यंत नव्याने लिहितो. तुमच्याकडे आवृत्ती ६ चा चालू सर्व्हर असेल तर त्याचा लॉग पाठवा, त्यातलंच उदाहरण घेईन.