हे असंच आहे की बिघडलंय?

बेंगळुरूच्या चार पोरांचा एक बॅण्ड आहे. पॉप रॉक वाजवतात, कुठल्या कंपनीच्या दारात जात नाहीत, घरीच रेकॉर्डिंग करतात आणि अल्बम चक्क कॅसेटवर काढतात. सातशे रुपये, टपालखर्च वेगळा. कॅसेट आल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा: मधूनच सूर लांबतो आणि आखडतो, तो त्यांनी मुद्दाम लांबवलाय की माझ्या टेपचा पट्टा सैल झालाय? बायको म्हणाली, दाखवून या एकदा. टेप दाखवायचा की मला, हे विचारायचं मी टाळलं.

आमच्या नाशिकच्या एमजी रोडच्या मागच्या गल्लीत, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांच्या गर्दीत, अजून टेप उघडणारा एक माणूस आहे. त्याने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, हेड पुसलं. कापूस तपकिरी. रबरी चाक पुसलं, तरी तपकिरी. रोग सापडला म्हणून मी खूश. मग त्याने कॅसेट घातली, मान तिरकी करून ऐकली आणि नातेवाइकांना विचारतात तशा हलक्या आवाजात विचारलं, “सर, हे असंच आहे की बिघडलंय?”

“अहो, तेच विचारायला आलोय.”

इथे बाकड्यावरचे काका जागे झाले. मांडीवर मिक्सर, मिक्सरवर पिशवी, पिशवीत कोथिंबीर. “पुन्हा लावा बरं,” ते म्हणाले. “मी ओझरला मिगमध्ये होतो. मिग-२१ च्या जोडणीला. नुसत्या आवाजावरून सांगायचो काय सैल आहे ते.”

गाणं पुन्हा लागलं. काकांनी डोळे मिटले.

“बेअरिंग गेलंय.”

“काका, तो ड्रम आहे.”

“मग ड्रमचं गेलंय.” डोळे अजून मिटलेलेच. “आणि हा गाणारा एवढा लांब का उभा आहे? पुढे बोलवा की त्याला.”

“त्यांची स्टाइल आहे ती.”

“घरात कोणी झोपलंय का त्याच्या?”

आता काय सांगणार! कव्हरच्या आत बारीक अक्षरात खरंच छापलंय की ही गाणी रात्री बेडरूममध्ये रेकॉर्ड केली. काकांनी चष्मा लावून ते वाचलं, मोठ्याने वाचलं आणि शेजारच्या दुकानातल्या पोरालाही दाखवलं. “बघा! म्हटलं नव्हतं?”

दुकानदाराने निकालासाठी ड्रॉवरमधून भजनाची एक जुनी कॅसेट काढली. पेटीला तडा गेलेला, लेबल उडालेलं. लावली तर टाळ न् टाळ वेगळा, मृदंग खणखणीत, बुवा तर थेट काउंटरवर बसून गात होते. “मशीन ओके आहे, सर.” माझ्या सातशे रुपयांबद्दल तो काही बोलला नाही.

तरी कॅसेटची बाजू घेऊन सांगतो. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती आणली, तेव्हा बोलणं टिपून ठेवण्यापुरतीच अपेक्षा होती. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. तिच्या अर्ध्या रुंदीत एक बाजू, त्यात पुन्हा डावा-उजवा आवाज वेगळा, आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पट्टा किंवा चाक जरा घसरलं की सूर हलणारच. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी जवळपास ९० मीटर फीत असते. हे मी काकांनाही सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे अकरा नऊवारी.”

“मग फोनवर का नाही ऐकत?” त्यांनी विचारलं. कॅसेटबरोबर कोड येतो, फोनवर हीच गाणी स्वच्छ वाजतात. पण फोनवर मी वीस सेकंदांत पुढच्या गाण्यावर उडी मारतो. कॅसेटमध्ये पुढे ढकलायचा एवढा कंटाळा येतो की माणूस नावडतं गाणंही पूर्ण ऐकतो, आणि त्यातली दोन पुढे आवडू लागतात. हे कोथिंबिरीसमोर कसं बोलणार? बोलायला दुसरं माणूस तरी कुठे आहे या गावात? असे बॅण्ड मुंबई-पुण्यात वाजवतात, क्वचित इकडच्या द्राक्षमळ्यात येतात, तेव्हाही ऐकायला मुंबईच येते. आपण अख्खा अल्बम ऐकून आलो तरी नाशिकमध्ये विचारतात, मिसळ कुठली खाल्लीस?

“मिग-२१ सुद्धा २०२५ मध्ये निवृत्त झालं हो,” काका हळहळले आणि माझ्या कॅसेटकडे बघत राहिले. मग ती उचलून कडेवरून अंगठा फिरवला. “वर दुसरं भरता येऊ नये म्हणून खाचा फोडल्यात. हरकत नाही. चिकटपट्टी लावली की वरून भरता येतं. आमच्या हिचं भजनी मंडळ आहे इंदिरानगरला. तुमचं ऐकून झालं की द्या.”

दुकानदाराने तत्परतेने चिकटपट्टीचं रीळ पुढे केलं. “आणि दीडशे झाले, सर.”

“अहो, पण बिघाड सापडलाच नाही ना?”

“सापडला की. माझ्याकडचा नाही, एवढंच.”

काकांच्या मिक्सरचे त्याने काहीच घेतले नाहीत. नुसती वायर सैल होती म्हणे.