'ज्यू मुकाट मेले' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणे दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीने मारलेले ६० लाख ज्यू मेंढरांसारखे मुकाट मरायला गेले, एकानेही हात उचलला नाही, संख्येने जास्त होते तरी काही केलं नाही, आधी पळून जायची अक्कलही नव्हती, मग या इतिहासात शिकण्यासारखं आहे काय? मला हे वाचून राग आला, कारण यात मारणारा बाजूलाच राहतो आणि जाब मेलेल्याला विचारला जातो. तर एकेक मुद्दा घेऊ.

"एकानेही हात उचलला नाही." साफ खोटं. १९ एप्रिल १९४३ ला जर्मन फौज पोलंडमधल्या वॉर्साचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, रिकामा करायला आत शिरली तेव्हा सातशेच्या आसपास पोरापोरींनी थोडी पिस्तुलं, हातबॉम्ब आणि पेट्रोलच्या बाटल्या घेऊन तिला मागे रेटलं, मग जर्मनांना एकेक इमारत जाळत पुढे जावं लागलं आणि हे जवळपास महिनाभर चाललं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रेब्लिंकाच्या छावणीत उठाव झाला, ही छावणी माणसं मारण्यासाठीच उभारलेली होती. आणि तशाच सोबिबोरच्या छावणीचं तर वाचाच. १४ ऑक्टोबर १९४३, कैद्यांनी एसएसच्या, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाच्या, अधिकाऱ्यांना कपड्यांचं माप बघायला म्हणून एकेकट्याला शिंप्याच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं, ते दिलेल्या वेळेला आलेही, आणि आत कुऱ्हाडी तयार होत्या. छावणीतल्या सहाशेपैकी तीनशेच्या आसपास कैदी तारा आणि सुरुंग पार करून पळाले, युद्ध संपेपर्यंत त्यातले जेमतेम पन्नास जगले. ऑशविट्झच्या छावणीत रोझा रोबोटा या कैदी मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी कारखान्यातली स्फोटकांची दारू चिमूट चिमूट करून बाहेर काढली, त्यातूनच ऑक्टोबर १९४४ चा उठाव झाला. रोझासकट चौघींना जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिली, छावणी सुटायला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

"संख्येने जास्त होते." अहो, पण रांगेत कोण होतं ते तरी बघा. कडेवर पोर घेतलेल्या आया, म्हातारी माणसं, दीड-दोन वर्षं उपाशी ठेवलेले लोक. १९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सात जर्मनांनी जाहीर केलं की जो स्वतःहून रेल्वेगाडीवर येईल त्याला ३ किलो पाव आणि १ किलो जॅम, कामासाठी पूर्वेला नेतोय. घरात पोरं भुकेने रडत असताना माणूस काय करेल? ती गाडी ट्रेब्लिंकाला जायची. तिथे पुढे खोटं स्टेशनसुद्धा उभारलं, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे नुसते रंगवलेले. आणि एक गोष्ट हा फॉरवर्ड कधीच सांगत नाही, जर्मनांच्या कैदेत ३० लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगराईने. ते तर ट्रेनिंग घेतलेले तरुण सैनिक होते, त्यांना कोणी मेंढरं म्हणत नाही.

"पळून का नाही गेले?" जर्मनीतले अर्ध्याहून जास्त ज्यू युद्धाआधी गेलेच होते. प्रागहून १९३४ ला मुंबईत आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन त्या काळातलेच, आकाशवाणीची धून त्यांच्या नावावर सांगतात. पण बाकीच्यांना घेणार कोण? जुलै १९३८ ला या निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले, जवळपास सगळ्यांनी हात वर केले. १९३९ ला सेंट लुईस जहाज ९३७ प्रवासी, बहुतेक ज्यू निर्वासित, घेऊन क्युबाला गेलं, मोजक्यांनाच उतरू दिलं, अमेरिकेनेही घेतलं नाही, ते परत युरोपात आलं आणि त्यातले २५४ जण पुढे मेले. शिवाय मारले गेलेले बहुसंख्य ज्यू जर्मनीतले नव्हतेच, एकट्या पोलंडचेच ३० लाख, आणि त्यांच्यावर युद्ध अचानक येऊन कोसळलं.

राहिला "शिकण्यासारखं काय" हा प्रश्न. वॉर्साच्या घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने साठेक जणांना घेऊन गुपचूप सगळं गोळा केलं, डायऱ्या, निबंध, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, कारण आपला इतिहास मारणाऱ्यांच्याच कागदांवरून लिहिला जाऊ नये एवढीच त्यांची धडपड होती. पत्र्याच्या पेट्या आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून ते पुरलं. १९४६ आणि १९५० ला दोन साठे सापडले, तिसरा अजून नाही. स्वतः रिंगेलब्लुमना १९४४ ला बायको आणि मुलासकट मारलं, साठ जणांतले तिघेच वाचले. फॉरवर्ड करणाऱ्याने त्यातली एक डायरी जरी वाचली असती तरी 'मुकाट' हा शब्द टाइप केला नसता.