घाबरलेला उत्तर आणि न घाबरणारा फॉरवर्ड

'आपल्या युद्धसाहित्यात भीतीला थारा नाही' या मथळ्याचा लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मला तो आधी गावच्या देवस्थानाच्या ग्रुपवर आला, मग मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर. खाली दोन तलवारी आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: महाभारतापासून पोवाड्यापर्यंत आपला एकही वीर घाबरलेला दाखवलेला नाही. घाबरणारा सैनिक ही पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य लेखकांनी काढलेली टूम आहे. जो घाबरतो तो शूर नसतोच. आणि भीतीबद्दल लिहिणं हा जवानांचा अपमान आहे, त्यामुळे भरतीला जाणारी पोरं खचतात.

महाभारताचं नाव घेतलंय, तर विराटपर्वापासूनच सुरुवात करू. विराटाचा मुलगा उत्तर अंतःपुरात बायकांसमोर बढाया मारतो की, चांगला सारथी मिळाला तर एकटा जाऊन कौरवांनी पळवलेल्या गाई सोडवून आणीन. सारथी मिळतो, बृहन्नडा, म्हणजे वेषांतर केलेला अर्जुन. रथ बाहेर पडतो, समोर भीष्म-द्रोण-कर्णासह कौरवांचं सैन्य दिसतं आणि उत्तराच्या अंगावर काटा येतो. तो रथातून उडी मारतो, धनुष्य टाकतो आणि चक्क पळत सुटतो. मागे वेणी उडवत धावणारा अर्जुन. त्याला पाहून कौरवांचे सैनिक हसतात. केसाला धरून ओढून आणल्यावरही उत्तर सोनं देतो, हत्ती देतो, फक्त सोड म्हणून गयावया करतो.

आमच्याकडे जत्रेत दशावतारी मंडळी हे आख्यान लावतात तेव्हा बाकडं हाच रथ. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे उत्तराचं काम करणारा नट चांगला असला की बढाया किती लांबवायच्या हे त्याच्या हातात. मी पाहिलेल्या एका उत्तराने बाकड्यावरून उडी मारली ती थेट प्रेक्षकांत, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "पळालो मरे राजपुत्र!" मंडप हसून लोटपोट. पण पुढे अर्जुन त्याला म्हणतो, तू लढू नकोस, घोडे सांभाळ, लढतो मी, आणि तोच पोरगा लगाम हातात घेऊन पुन्हा त्याच सैन्यात शिरतो. तेव्हा हसणारी माणसं गप्प होऊन पाहत होती.

आणि उत्तराची गोष्ट तिथे संपत नाही. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो हत्तीवरून कौरवांकडून लढणाऱ्या शल्यावर चालून जातो, शल्याच्या रथाचे चारही घोडे मारतो आणि शल्याने फेकलेल्या शक्ती नावाच्या भाल्याने मरतो. पळालेल्या पोराला व्यासांनी असं मरण दिलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा विराटपर्व अर्ध्यावर सोडलं असावं, किंवा उघडलंच नसावं.

इथे कुणी अर्जुनाचं उदाहरण पुढे करेल: गीतेच्या पहिल्या अध्यायात गांडीव हातातून गळतं, तोंडाला कोरड पडते, अंग कापतं. ते मी माझ्या बाजूने वापरणार नाही. लक्षणं भीतीची असली तरी कारण भीती नाही. ज्ञानेश्वर तिथे कोरडं लाकूड पोखरणाऱ्या पण कोवळ्या कळीत अडकणाऱ्या भुंग्याचा दृष्टान्त देतात, म्हणजे अर्जुनाला त्यांनी मायेत सापडलेला मानलाय. उत्तराची भीती मात्र शंभर टक्के जिवाची भीती आहे.

पाश्चात्त्य टूम हा मुद्दा दोन वाक्यांचा. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'इलियड'मध्ये ट्रॉयचा सर्वांत मोठा वीर हेक्टर ग्रीक वीर अकिलीसला पाहून पळतो, शहराच्या तटाभोवती तीन फेऱ्या, आणि मग थांबून लढून मरतो. त्या काव्यानंतर पहिलं महायुद्ध यायला अडीच हजारांहून जास्त वर्षं लागली.

पोवाड्यांबद्दलचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही, म्हणून तिथे थांबायला हवं. पोवाड्यात नायकाचं काळीज धडधडताना सहसा दिसत नाही. कारण उघड आहे. शाहीर डफ घेऊन शंभर माणसांपुढे उभा असतो, त्याला पराक्रम गाऊन दाखवायचाय. पण त्याच प्रसंगाची बखर काढा. अफझलखान चालून येत होता तेव्हा शिवाजीराजांनी मंडळींना विचारलं आणि मंडळींनी सल्ला करावा, म्हणजे तह करावा, असं सांगितलं, हे बखरकार सभासद लिहितो. राजे भेटीला गेले ते आत चिलखत घालून, आणि आपलं बरंवाईट झालं तर राज्य कसं चालवायचं याची व्यवस्था लावून. मरण शक्य आहे हे न दिसणारा माणूस मागची व्यवस्था कशाला लावेल? सभासदाने ते झाकून ठेवलं नाही. छत्रपती राजारामांसाठी लिहिताना त्याला त्यात राजांची बदनामी दिसली नाही.

पोवाड्यासारखंच सन्मानपत्राचं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. जवळून मशिनगन सुरू झाली, त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. वय बावीस. सन्मानपत्रात भीतीचा उल्लेख नाही, कारण ते पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं असतं. बाहेरून दिसलं तेवढंच त्यात येतं. त्या काही सेकंदांत त्यांच्या मनात काय होतं हे सांगायला ते उरले नाहीत. त्यांच्या वतीने 'त्यांना भीती वाटलीच नाही' असं छातीठोक लिहिणारे आपण कोण?

'घाबरतो तो शूर नसतो' हे वाक्य सुरुंग काढणाऱ्याला लावून बघा. कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले, एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांची माणसं मेली, काही जखमी झाली, स्वतः राणेही जखमी झाले. तरी ते रस्त्यातले अडथळे आणि सुरुंग काढत राहिले. एका टप्प्यावर ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले, वरच्या चालकाला दोरी ओढून इशारा देत. परमवीरचक्र घेऊन ते जिवंत परतले. आता सांगा, सुरुंगाला न भिणारा माणूस ती दोरी बांधेल का? तो सरळ चालत जाईल आणि पहिल्याच सुरुंगावर पाय देईल. असल्या कामात हात सावध राहतात ते भीतीमुळेच.

राहिला जवानांच्या अपमानाचा मुद्दा. जवान स्वतः काय लिहीत होते ते बघू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी सैनिकांची पत्रं सेन्सॉर होऊन घरी जात. म्हणून काही जण खुणेने लिहीत. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. मिरी-मिरचीचा हिशेब सेन्सॉरच्या नजरेतून निसटेल, पण घरी बरोबर कळेल, ही अटकळ. काहींनी तर धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, असं स्पष्ट कळवलं. हीच माणसं खंदकांत उभी राहिली होती. त्यांच्या पत्रांतली भीती छापणं हा अपमान असेल, तर तो त्यांनी आपल्या हातानेच केलाय.

आणि पोरं खचण्याचं म्हणाल, तर मला काळजी नेमकी उलट वाटते. पहाटे किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत भरतीसाठी धावणाऱ्या पोराला आपण शिकवलं की शूराला भीती वाटतच नाही. तो भरती झाला, सीमेवर गेला, पहिल्या रात्री गोळीबार सुरू झाला आणि त्याचे पाय लटपटले. आजूबाजूच्या सगळ्यांचेही लटपटतायत हे त्याला अंधारात दिसणार नाही. त्याने वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत कुणीच घाबरलेलं नसेल, तर तो स्वतःला एकटाच भेकड समजेल. उत्तराची गोष्ट ऐकलेली असेल तर निदान एवढं ठाऊक असेल की पळावंसं वाटलेला माणूसही लगाम धरून परत आत जाऊ शकतो.