बत्तिसावा दिवस

आमच्या मामेभावंडांच्या ग्रुपवर सध्या दोन तट पडलेत. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली, २०३६च्या ऑलिंपिकसाठी भारताची खटपट चालू आहे, तेव्हा 'आता फुटबॉलचा वर्ल्ड कपही येऊ द्या' म्हणणारा एक तट. 'आधी दवाखाने बांधा' म्हणणारा दुसरा. त्या गदारोळात वहिनींनी मला विचारलं, "तुमच्या दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनलाही, २०१०मध्ये झाला होता ना? फायदा झाला की तोटा?" एका ओळीत उत्तर देता येईना.

मी २००८पासून इथे आहे. त्या वर्ल्ड कपसाठी समुद्राजवळच्या ग्रीन पॉइंट भागातलं स्टेडियम माझ्या डोळ्यांदेखत वर आलं. बाहेरून त्याला दुधी रंगाचं जाळीदार आवरण आहे. सूर्य समुद्रात उतरायला लागला की ते आधी गुलाबी होतं, मग राखाडी. देखणं आहे, यात वाद नाही. पण खर्च इथल्या चलनात साधारण साडेचार अब्ज रँड, आणि वर्ल्ड कपचे सामने तिथे झाले आठ.

मुळात ते तिथे हवं होतं का? शहरातच न्यूलँड्सला जुनं रग्बी मैदान होतं आणि यजमानपदाच्या पहिल्या प्रस्तावात त्याचंच नाव होतं. अ‍ॅथलोनलाही एक स्टेडियम होतं, फुटबॉल खेळणाऱ्या वस्त्यांच्या जवळ. पण टेबल माउंटनचा डोंगर आणि समुद्र एका चौकटीत टिपायचे तर ग्रीन पॉइंटच! म्हणजे मैदान बांधलं ते कॅमेऱ्यासाठी. पुढचं सगळं त्यातूनच आलं. तीस वर्षं ते चालवायला घेणार होती ती कंपनी स्पर्धा संपून काही महिने होतात तोच आकडे मोडून बाजूला झाली. पांढरा हत्ती महापालिकेच्या दारात. कुणी म्हणे पाडा, कुणी म्हणे तिथे घरं करा. रग्बीवाले आपलं न्यूलँड्स सोडून यायला २०२१ उजाडलं. तोवर तूट भरत होतो आम्ही, करदाते.

एवढं ऐकून दवाखानेवाला तट खूश होईल, पण मी त्यांच्यातही नाही. स्टेडियमचे वाचलेले पैसे आपल्या पायांनी दवाखान्यात चालत जात नाहीत, हे आपल्याकडचा कुठलाही अर्थसंकल्प पाहिलेल्याला सांगायला नको.

आणि ६ जुलै २०१० मी कशी विसरू? नेदरलँड्स विरुद्ध उरुग्वे, उपांत्य सामना. तिकीट नव्हतं. तरी रेल्वे स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत आखलेल्या रस्त्यावरून गर्दीबरोबर चालत गेले. केशरी टोप, आकाशी झेंडे, कानठळ्या बसवणारे वुवुझेला, म्हणजे प्लॅस्टिकचे लांब भोंगे. ज्या शहरात कातडीच्या रंगावरून कुणी कुठे राहायचं ते कायद्याने ठरत होतं, जिथे अंधार पडला की मी गाडीच्या काचा वर करते, तिथे सगळ्या रंगांची माणसं रात्री रस्त्याच्या मधोमध चालत होती. शेजारून जाणाऱ्या एका आजींनी माझ्या हातात त्यांचा वुवुझेला दिला. मला धड वाजवता आला नाही. त्या पोट धरून हसल्या. नेदरलँड्स ३-२ने जिंकलं, हे मला नंतर कळलं.

याला फायदा म्हणायचं का? माझ्या मते जरूर म्हणावं. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये. घरचं लग्न थाटात करतो तेव्हा 'एवढे कोटी परत येतील' असं कुणी सांगत नाही. हौस म्हणून करतो, ऐपत बघून करतो. सरकारं मात्र हौसेचं बिल रोजगार आणि पर्यटनाच्या खात्यात टाकतात.

जे टिकलं ते वेगळंच. राखीव मार्गिकेवरून धावणारी मायसिटी बस वर्ल्ड कपच्या निमित्ताने आली. मी आज कामाला तिनेच जाते. जोहान्सबर्गची गाउट्रेन ही वेगवान रेल्वे ८ जून २०१०ला विमानतळ ते सँडटन अशी सुरू झाली, उद्घाटनाच्या सामन्याला तीन दिवस उरले असताना. तिची आखणी तर यजमानपद मिळायच्या आधीची. म्हणून बांधायच्या गोष्टींच्या यादीवरून स्पर्धेचं नाव खोडून बघावं. तरीही जे बांधावंसं वाटेल तेवढंच आपलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. ऑफिसात माझी मान खाली. पण २०१७मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप आपण सहा शहरांत, असलेल्या मैदानांवर केला आणि साडेतेरा लाखांच्या आसपास लोक बघायला आले, हे मी इथे कौतुकाने सांगत असते. २०२७च्या आशियाई चषकाच्या यजमानपदाच्या शर्यतीतून आपल्या फुटबॉल महासंघाने २०२२मध्ये अंग काढून घेतलं तेव्हा ग्रुपवर 'घाबरले' म्हणून टिंगल झाली. मला तो शहाणपणा वाटला. जर्मनीला २००६च्या वर्ल्ड कपचं ओझं झालं नाही, कारण तिथल्या बहुतेक मैदानांत दर आठवड्याला खेळणारे क्लब आधीपासून होते. आपल्याकडे २०२५मध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही.

तेव्हा वहिनी, इथला वर्ल्ड कप एकतीस दिवस चालला. आपल्याकडे आणायचा म्हणाल तर मला बत्तिसाव्या दिवसाचं वेळापत्रक दाखवा: कुठला क्लब, कोण भाडं देणार, दिव्यांचं बिल कुणाच्या नावे. ते मिळालं तर रजा टाकून येते. आणि या वेळी तिकीट काढून.