बंद पडलेल्या राउटरचं काय करावं?

राउटर बंद पडला की सर्वप्रथम त्याच्या पाठीत दोन थापा माराव्यात. दिवे लागले नाहीत तर आणखी दोन. यालाच तांत्रिक तपासणी म्हणतात.

अडॅप्टरकडे मात्र चुकूनही पाहू नका. बरेचदा मेलेला असतो तो अडॅप्टर आणि बदनाम होतो राउटर, पण एवढ्या किरकोळ कारणाने दुरुस्ती झाली तर आपली शोभा ती काय! त्यापेक्षा पिन बसेल तो अडॅप्टर खुपसा. १२ व्होल्टच्या जागी १९ व्होल्ट गेले की आतून वास येईल. मग निदान निर्णय तरी सोपा होतो.

हौसच असेल तर खोका उघडा. हिरव्या पट्टीवर एखादा कपॅसिटर (वीज साठवणारं बारकं नळकांडं) टोपी फुगवून बसलेला दिसेल. जाणकार त्याला चार मिनिटांत डाग देऊन बदलतो. तुम्ही फक्त फोटो काढा, आणि उरलेले दोन स्क्रू बशीत ठेवा. ते पुढे कधीच सापडत नाहीत.

विकायचाय? ‘चालू स्थितीत’ लिहून टाका. दिवा लागतो ना? कंपनीने त्याच्या सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद केलेत, हे गिऱ्हाईक स्वतः शोधेल. मागच्या बारीक भोकात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबली की तुमचा वायफायचा पासवर्ड पुसला जातो, पण राहू द्या. घेणाऱ्याला तेवढीच तुमची आठवण. आणि राउटर मुळात तुमचा की इंटरनेट देणाऱ्याने अनामत घेऊन वापरायला दिलेला, हे विकून झाल्यावर पाहता येईल.

फेकायचाच असेल तर ओला-सुका भेद मानू नका. बॅटरीवर चालणारा हॉटस्पॉटचा डबा असेल तर तोही, फुगलेल्या लिथियम बॅटरीसकट, खुशाल त्याच पिशवीत. कचरागाडीत ती बॅटरी दाबली जाते, ठिणगी पडते, आग लागते. पण तोवर गाडी आपल्या दारापुढून गेलेली असते. ई-कचऱ्याचं संकलन केंद्र शोधणं हे ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांचं काम.

खरा शहाणा यातलं काहीच करत नाही. तो राउटर वायर गुंडाळून कपाटात ठेवतो. ‘असू दे, लागेल कधी.’

माझ्याकडे असे चार आहेत. परवा एकाला सहज नव्याचा अडॅप्टर लावून पाहिला. झरझर सगळे दिवे लागले. घरात कोणी पाहायच्या आत मी तो उपसून परत कपाटात ठेवला.