"पाच दिवस नुसता पडून होता" या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. आधी माफी मागतो. शनिवारी तुम्ही आले तेव्हा काउंटरवरच्या पोराने "मालक नाहीत, उद्या या" एवढंच बोलून तुम्हाला परत पाठवलं, ते बरोबर नाही झालं. आणि कॉम्प्युटर नेताना बाबांचं रेकॉर्डिंग तुमच्यासमोर चालवून दाखवायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. ही चूक माझी.

पण तुम्ही लिहिलं की कॉम्प्युटर पाच दिवस दुकानात नुसता पडून होता, ८५० रुपये घेतले, रेकॉर्डिंगची लिस्ट उडवली आणि चित्रात अजून रेषा येतात. बाकीचं ऐकून घेतो. "नुसता पडून होता" हे नाही ऐकवत, म्हणून एवढं लिहून राहिलो.

गुरुवारी संध्याकाळी तुम्ही सीपीयू आणला, चित्र अडकतं म्हणून. तुम्हीच म्हणाले, "घाई नाही, पण बाबांच्या रेकॉर्डिंगला धक्का लागू देऊ नका." २०११ मध्ये तुमचे बाबा सह्याद्रीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात आले होते, ते टीव्ही ट्यूनर कार्डावरून, म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्ही लावायच्या कार्डावरून, घेतलेलं. बाबा आता नाहीत, हेही सांगितलं होतं. त्यानंतर मी त्या डिस्कवर सरळ काम कसं करणार? आधी पूर्ण कॉपी काढायला घेतली. ३२० जीबीची जुनी डिस्क, त्यात बॅड सेक्टर. चांगल्या डिस्कची कॉपी दोन-तीन तासांत होते, ही एकेका खराब जागेवर अडकून बसायची. शुक्रवारी सकाळी ६० टक्क्यांवर लाईन गेली ती संध्याकाळी आली. माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन तासांत बसली. पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारची रात्र मी दुकानातच काढली, खुर्चीवर, डिस्कचा टकटक आवाज ऐकत. आवाज थांबला की जीव वर यायचा. शनिवारी सकाळी कॉपी पूर्ण झाली, तेव्हा घरी आंघोळीला गेलो. नेमके तेव्हाच तुम्ही आले.

आता लिस्टचं. ती मी उडवली नाही. तुमचं रेकॉर्डिंग विंडोज ७ च्या मीडिया सेंटरमध्ये झालेलं, टीव्ही रेकॉर्ड करून त्याची लिस्ट दाखवणारा तो प्रोग्राम. विंडोज १० मध्ये मीडिया सेंटर नाहीच, २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हापासून काढून टाकलंय. माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी तुमच्या मशीनवर विंडोज १० टाकून दिलं, तेव्हाच ती लिस्ट गेली. फाइली मात्र सगळ्या जागेवर आहेत, डी ड्राइव्हमध्ये, रेकॉर्डेड टीव्ही नावाच्या फोल्डरात. नावाच्या शेवटी डब्ल्यूटीव्ही लिहिलेलं दिसेल. व्हीएलसी नावाच्या प्लेयरमध्ये उघडतात.

चित्र अडकत होतं त्याचं कारण वेगळं. तुमच्या मदरबोर्डचा चिपसेट, म्हणजे चित्रही सांभाळणारी त्यावरची मुख्य चिप, जी३१, म्हणजे २००७ चा. त्याला विंडोज १० चा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, निघालाच नाही, म्हणून विंडोज बेसिक डिस्प्लेवर, म्हणजे नुसत्या कामचलाऊ चित्रावर, चालत होतं. मग चित्राचा सगळा भार प्रोसेसरवर येतो, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं. मी विंडोज ७ चा ड्रायव्हर दोनदा बसवून पाहिला, एकदा स्क्रीनच काळी झाली. शेवटी जुनं ग्राफिक्स कार्ड लावायचं ठरवलं. ते यवतमाळहून मागवलं, रविवारी दुपारच्या एसटीने आलं. ८५० मधले ६०० त्या कार्डाचे. उरलेले २५०, त्यात रात्र धरा की नका धरू.

सोमवारी अकरा वाजता मशीन तयार होती. तुम्हाला दोनदा फोन केला, लागला नाही. कापूस वेचणीचे दिवस, वावरात रेंज नसते, मी समजतो. पण तो दिवस माझ्या नावावर कशाला?

रेषांचं खरं आहे, पण ती खराबी नाही. टीव्हीचं जुनं चित्र एका फ्रेममध्ये दोन अर्ध्या भागांचं असतं, आधी एक सोडून एक ओळ, मग मधल्या ओळी. जुन्या टीव्हीवर ते जुळून दिसायचं. कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम दिसतात, म्हणून बाबा हात वर करतात तिथे बोटांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या होतात. मी व्हीएलसीमध्ये व्हिडिओच्या मेन्यूत डीइंटरलेस, म्हणजे या रेषा घालवायची सेटिंग, चालू करून दिलं होतं. घरी भाच्याने दुसरा प्लेयर टाकला असं तुम्हीच लिहिलंय, त्यात ती सेटिंग कशी येणार?

आणि ट्यूनर कार्डावर आता टीव्ही लागत नाही, त्यात माझा हात नाही. केबल डिजिटल झाली, ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ ची मुदत होती. ते कार्ड जुन्या केबलचं आहे.

हे दुकान नऊ वर्षांपासून एसटी स्टँडजवळ आहे. पीक विम्याचे फॉर्म भरायला येणारा कास्तकार आता आधी मोबाईलवर स्टार पाहतो. माझे सगळे मिळून चौदा रिव्ह्यू, त्यात तुमचा एक स्टार सगळ्यात वर दिसतो. खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण पूर्ण लिहिलं नाही.

यापुढे मशीन घेताना पावतीवर तारीख लिहून देऊ, पोरालाही नीट बोलायला सांगितलंय, आणखी काय सुधारता येईल ते बघतो.

बाबांच्या कार्यक्रमाची मी एमपी४ करून ठेवली आहे, रेषा काढून. आता कोणत्याही प्लेयरवर, मोबाईलवरही चालेल. शेवटची चार मिनिटं डिस्क खराब असल्यामुळे अडखळतात, ती नाही सुधारली. पेनड्राइव्ह घेऊन या, पैसे नको. रविवारी बाजार असतो, रात्री आठपर्यंत मी स्वतः दुकानात आहे.